आगीला भांडे कशाचे?

'कोयत्याला पाणी देणे' म्हणजे काय, हे आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लोहार कोयता लाल होईपर्यंत तापवतो, धारेची बाजू पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होतो आणि मऊ असलेले पोलाद कठीण होते. नुसते तेवढ्यावर सोडले तर मात्र ते काचेसारखे तडकते. म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ताठा उतरवायचा. कारखान्यातही हेच चालते. तेथे पहिल्या क्रियेला हार्डनिंग म्हणतात, दुसरीला टेंपरिंग, आणि सगळ्या प्रकाराला मिळून हीट ट्रीटमेंट.

फरक पडतो तो भट्टीत. लोहाराची भट्टी उघडी. एक कोयता, एक भाता आणि रंग पारखणारे दोन डोळे. भट्टीचा काठ ढासळला तर संध्याकाळी चिखल थापला की काम झाले. कारखान्याला असे कसे चालेल? तेथे गिअरची शेकडो चाके एकाच उष्णतेला, एकाच ठरलेल्या वेळेपर्यंत ठेवायची असतात आणि उद्या पुन्हा तसेच करायचे असते. म्हणजे आगीला घर बांधणे आले. त्या घराला भिंत हवी, जमीन हवी, आत ऊब देणारी तार हवी आणि आत किती तापले आहे ते बाहेर सांगणारा डोळा हवा. हे सगळे कशाचे करायचे? जेथे लोखंड मऊ पडते तेथे दुसरे काय ताठ उभे राहणार?

वाचकहो, मी इतिहासाचा प्राध्यापक. घण माझ्या हातात कधी आला नाही. पण पोलादाच्या इतिहासाची पुस्तके चाळताना मला एक गोष्ट सारखी खटकत आली आहे. त्यांत तलवारी असतात, तोफा असतात, रुळ आणि पूल असतात. ज्या भिंतीआड हे सारे घडले ती भिंत मात्र कोठे दिसत नाही. खरे म्हणजे पुष्कळदा निकाल त्या भिंतीनेच दिला आहे. आज ह्या उपेक्षित भिंतीविषयी चार गोष्टी सांगतो.

सुरुवात भिंतीपासून न करता मुशीपासून करू, कारण भट्टीची भिंत म्हणजे एक मोठी मूसच. आपल्या भाषेत 'मुशीत घालणे' हा शब्दप्रयोग अजून जिवंत आहे, पण मूस कशाची करतात हे सांगणारा माणूस शोधावा लागेल. 'रसरत्नसमुच्चय' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. तो साधारणपणे तेराव्या शतकातला मानतात. पारा आणि धातू ह्यांवरच्या ह्या ग्रंथात मुशी आणि भट्ट्या ह्यांना चक्क एक वेगळा अध्याय दिला आहे. त्यात मुशीच्या मातीची कसोटी अशी सांगितली आहे की, फार वेळ भाता मारला तरी जी टिकते ती माती उत्तम. रंग फिकट पिवळसर असावा. तशी न मिळाली तर वारुळाची माती घ्यावी, नाही तर कुंभाराची. मग तिच्यात जाळलेले तूस, ताग, कोळसा, घोड्याची लीद असे जिन्नस घालून लोखंडी दांड्याने कुटावे.

ग्रंथकाराने ह्या जिन्नसांची कारणे दिलेली नाहीत, पण कृती बरोबर आहे. ताग आणि लीद ह्यांतल्या धाग्यांनी ओली माती वाळताना तडकत नाही. पुढे भाजताना हे धागे जळून जातात, मागे बारीक छिद्रे राहतात, आणि चीर धावत आली तर त्या छिद्राशी येऊन थांबते. राहता राहिले तूस. त्याची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती सांगायला आपल्याला मुंबईहून लंडनला जावे लागेल.

१७९४ साली मुंबईतले एक डॉक्टर, हेलेनस स्कॉट, ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स ह्यांच्याकडे एका हिंदी पोलादाचे नमुने पाठवले. हेच ते 'वुट्झ'. १७९५ मध्ये जॉर्ज पिअरसन ह्यांनी त्यावर जो निबंध वाचला त्याच्या नावातच हे पोलाद मुंबईला तयार होते असे म्हटले होते. मुंबई हे त्याचे बंदर, माहेर दक्षिणेत. त्यांपैकी एक गाव कोनासमुद्रम्, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातले, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातले. तेथल्या कामाचे वर्णन एच. डब्ल्यू. व्हॉयसी ह्यांनी केले आणि ते १८३२ साली छापले गेले. इराणी व्यापारी हे पोलाद नेण्यासाठी त्या गावापर्यंत येत असत.

पुढे मायकेल फॅरडेसारखा माणूस ह्या पोलादाच्या मागे लागला. त्यात कोणता धातू मिसळला आहे, कर्ब किती आहे, तलवारीवर लाटा कशा उमटतात, सारी चौकशी पोलादाची झाली. मुशीची चौकशी व्हायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९८० नंतर संशोधकांनी कोनासमुद्रमच्या ढिगाऱ्यांतली मुशींची खापरे सूक्ष्मदर्शकाखाली घातली तेव्हा उलगडा झाला. मातीत भाताचे तूस भरपूर मिसळलेले होते. तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे वाळू-गारेचाच अंश. कोंडलेल्या आगीत तूस जळून जात नाही, त्याचा कोळसा होतो. म्हणजे मुशीच्या अंगात कोळशाचा आणि सिलिकेचा एक सांगाडाच तयार होतो आणि भोवतालची माती मऊ पडू लागली तरी तो तिला धरून ठेवतो. गारेची वाळू विकत आणून दळायला नको. भाताच्या प्रदेशात ती खळ्यावर पडलेली! गंमत अशी की, आजच्या पोलाद कारखान्यांतही वितळलेल्या पोलादाची ऊब जाऊ नये म्हणून त्याच्या पृष्ठभागावर भाताच्या तुसाची राख पसरतात.

येथे मला थोडे परखड बोलायचे आहे. वुट्झविषयी अभिमानाने बोलणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. अभिमान असावा. पण त्या भाषणांत तलवार असते, मूस नसते. आणि मूस वळणारा तर नसतोच. त्याने काही लिहून ठेवले नाही, आपणही त्याला काही विचारले नाही. ठोकळा बाहेर काढण्यासाठी मूस फोडावीच लागे, म्हणून तिचे तुकडे तेवढे ढिगांनी उरले. आपल्याला ही विद्या परत वाचावी लागली ती खापरांवरून.

त्याच अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक घड्याळजी अशाच अडचणीत सापडला होता. डॉनकास्टरचा बेंजामिन हंट्समन. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकजीव पोलाद हवे होते आणि बाजारातले पोलाद एका टोकाला कठीण तर दुसऱ्या टोकाला मऊ. अशा पोलादाला कितीही काळजीने पाणी दिले तरी स्प्रिंग मोडणारच. शेवटी १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ जाऊन त्याने पोलाद पूर्ण वितळवूनच एकजीव करायचे ठरवले. आगीचा प्रश्न त्याने कोकने सोडवला. खरा घोळ होता तो मुशीचा. सुमारे १६०० अंश सेंटिग्रेडला उभी राहणारी माती त्याला स्टोअरब्रिजच्या खाणीत मिळाली. शेफील्डला पुढे दीडशे-दोनशे वर्षे ही माती माणसे अनवाणी पायांनी तासन् तास तुडवीत असत. यंत्र असूनही पाय का? तर मातीत एखादा खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर तो तळपायाला कळतो, यंत्राला कळत नाही. असा खडा राहिला म्हणजे मूस भट्टीतच फुटायची. इतके करून एका मुशीत तीनच वेळा पोलाद होई, तेही लागोपाठ, मुशीला थंड होऊ न देता. एकदा थंड झाली की ती तडकली.

हे 'थंड झाली की' फार महत्त्वाचे आहे. आग सहन करणे ही एक गोष्ट, आणि आग येणे-जाणे सहन करणे ही अगदी दुसरी. एक उदाहरण घेऊ. वेल्समध्ये विल्यम वेस्टन यंग नावाचा एक गृहस्थ होता. धंद्याने चिनी मातीच्या भांड्यांवर फुले-पाने रंगवणारा! १८२२ साली त्याने डिनास येथला गारेचा खडक दळून, त्यात बांधणीपुरता किंचित चुना घालून विटा पाडल्या. ही सिलिकेची वीट. भार डोक्यावर घेऊन १६५० अंशांपर्यंत ती वाकत नाही. पोलाद वितळवणाऱ्या मोठमोठ्या भट्ट्यांची छते पुढे शंभर वर्षे हिच्यावर उभी राहिली. तेव्हा कोणाला वाटेल, मग हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला हीच वीट लावावी. तेथे तर हजार-बाराशेच अंश!

येथेच फसगत होते. गारेचे स्फटिक तापताना ५७३ अंशांना एकदम फुगतात, आणि एकदा खूप भाजून त्यांचे रूप पालटले की तसाच धक्का दोन-अडीचशे अंशांच्या आसपास बसतो. म्हणजे ही वीट १५०० अंशांना शांत आणि २५० अंशांना नाजूक. वर्षानुवर्षे न विझणाऱ्या भट्टीत ती उत्तम. पण जी भट्टी सकाळी पेटते आणि संध्याकाळी विझते, जिचे दार दर तासाला उघडते, तिच्यात सिलिकेची वीट थोड्याच दिवसांत पापुद्रे टाकू लागेल. तेथे साधी फायरक्लेची वीट पुरवते. मान तिला कमी, पण रोजचे तापणे-निवणे ती सोसते. तेव्हा 'ही वस्तू किती अंश सोसते?' एवढे विचारून भागत नाही. कोणाच्या संगतीत सोसते, किती वेळा सोसते, हे विचारावे लागते. भट्टीच्या सामानाची निवड चुकते ती बहुधा पहिल्याच प्रश्नावर थांबल्यामुळे.

संगतीचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो, हे एका कारकुनाच्या चरित्रातून दिसते. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून. दिवसा खटल्यांची टिपणे आणि संध्याकाळी बर्कबेक संस्थेत रसायनशास्त्राची व्याख्याने. तेथे एकदा वक्त्याने म्हटले, बेसेमरच्या भट्टीत लोखंडातला फॉस्फरस काढण्याची युक्ती जो शोधील तो गडगंज श्रीमंत होईल. बेसेमरने १८५६ साली आपली पद्धत जाहीर केली तेव्हा पोलाद स्वस्त झाले खरे, पण ते फॉस्फरस नसलेल्या लोखंडाचेच. युरोपातले बरेचसे खनिज फॉस्फरसवाले, आणि फॉस्फरस राहिला की पोलाद थंडीत ठिसूळ होते.

आता फॉस्फरस काढायचा उपाय रसायनज्ञांना ठाऊक नव्हता असे नाही. चुना घाला, तो फॉस्फरसला धरतो. मग अडले कोठे? भिंतीत! भट्टीचे अस्तर सिलिकेचे होते. चुना पोलादातला फॉस्फरस धरायचा सोडून भिंतीतल्या सिलिकेला जाऊन मिळे. दोघे मिळून पातळ मळी होई आणि भिंत विरघळून जाई. डिनासच्या विटेत किंचित चुना बांधणीला उपयोगी पडला होता; तोच जास्त झाला की वीट खातो. थॉमसच्या ध्यानात आले की, बदलायचे आहे ते अस्तर. भिंतच चुन्याच्या जातीची करा, म्हणजे चुन्याचे तिच्याशी भांडण राहणार नाही.

त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. दोघांनी लहान लहान भट्ट्यांवर प्रयोग केले. डोलोमाइट हा चुना आणि मॅग्नेशिया असलेला दगड चांगला भाजायचा, डांबरात कालवायचा आणि त्याचे अस्तर ठोकायचे, अशी कृती ठरली. १८७८ साली लोखंड-पोलाद संस्थेच्या सभेत थॉमसने उभे राहून, आपण फॉस्फरस काढला आहे, असे सांगितले तेव्हा त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कारकून तो, वय सत्तावीस! वर्षभरात, एप्रिल १८७९ मध्ये, मिडल्सबरो येथे मोठ्या भट्टीत प्रयोग यशस्वी झाला आणि युरोपातले कारखानदार त्याच्याकडे धावले. लॉरेनचे फॉस्फरसवाले खनिज रातोरात मोलाचे झाले. १८७१ पासून त्या प्रांताचा मोठा भाग जर्मनीकडे होता. १८९० च्या दशकात पोलादाच्या उत्पादनात जर्मनी इंग्लंडच्या पुढे गेला. त्याला दुसरी कारणेही आहेत, पण हे अस्तर नसते तर बाकीची कारणे पांगळी पडली असती, असे माझे मत आहे. थॉमसला हे पाहायला मिळाले नाही. छातीच्या दुखण्याने तो १८८५ साली पॅरिसमध्ये वारला, चौतिसाव्या वर्षी.

वितळवण्याच्या भट्टीतले हे शहाणपण हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपर्यंत यायला एक निमित्त व्हावे लागले. ते निमित्त अमेरिकेत झाले. १८९८ पासून पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट हे लेथच्या हत्यारांवर प्रयोग करीत होते. त्या काळी सगळ्या लोहारांची ठाम समजूत अशी की, हत्यार चेरीच्या रंगाहून अधिक तापवले तर जळून वाया जाते. समजूत खोटी नव्हती. साडेआठशे अंशांच्या वर गेले की हत्यार खरोखरच बिघडत होते. पण ह्या दोघांनी आणखी वर, थेट वितळण्याच्या कडेपर्यंत जाऊन पाहिले, आणि टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद तेथे एकदम सुधारले! १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे हत्यार टोक लाल होऊनही लोखंड कातत राहिले आणि पाहणारे थक्क झाले. हेच हायस्पीड पोलाद. पण त्याला पाणी द्यायचे तर १२०० ते १२८० अंश हवेत, आणि तेही मोजून. दहा-वीस अंश जास्त झाले तर हत्याराची कड पाझरू लागते.

मोजून म्हणजे कसे? ह्यापूर्वी जोसाया वेजवुड ह्या प्रसिद्ध कुंभाराने १७८२ साली मातीच्या गोट्या भट्टीत घालून त्या किती आकसतात त्यावरून उष्णता मोजण्याची युक्ती काढली होती. त्याच्या हिशेबाने तांबे ४५८७ अंश फॅरनहाइटला वितळे. प्रत्यक्षात ते १९८४ अंशांच्या आसपास वितळते! आकडा चुकला तरी आजची गोटी कालच्या गोटीशी ताडून पाहता येत होती, आणि कुंभाराला तेवढे पुरे होते. पोलादाला पुरे नव्हते. ती उणीव फ्रान्सच्या आंरी ल शातेलिए ह्याने १८८६ च्या सुमारास भरून काढली. एक तार प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमची. दोन्ही टोके जोडून भट्टीत ठेवली की बाहेर विजेचा अगदी बारीक दाब मिळतो आणि त्यावरून अंश कळतात. लोहाराच्या डोळ्याला पर्याय मिळाला.

राहिली ऊब देणारी तार, आणि माझ्या मते सगळ्यात सुरस प्रकरण हेच. विजेने तापणारी तार भिंतीत बसवली की धूर नाही, राख नाही, उष्णता हवी तेवढी. पण तार ही खोलीपेक्षा नेहमी अधिक तापलेली असते. खोली हजार अंश हवी तर तार त्याच्याही वर. लोखंडाची तार हवेत जळून पापुद्रे टाकते. टंगस्टन ३४०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून तो घ्यावा म्हटले तर उघड्या हवेत तो पाहता पाहता जळून जातो. दिव्याच्या फुग्यातून हवा काढून टाकतात ती ह्याचसाठी. प्लॅटिनम टिकते, पण प्लॅटिनमची भट्टी कितीजणांना परवडणार?

अमेरिकेत विल्यम हॉस्किन्स ह्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट मार्श नावाचा तरुण काम करीत होता. त्याने सुमारे ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम ह्यांची तार काढली आणि १९०६ साली तिचे पेटंट मिळवले. आज आपण तिला निक्रोम म्हणतो. आपल्या घरातली इस्त्री, शेगडी, टोस्टर सगळे तिचेच वंशज. ही तार १४०० अंशांना वितळते, म्हणजे टंगस्टनच्या निम्म्यालाही नाही. मग जिंकली कशी? पहिल्याच तापण्यात तिच्या अंगावर क्रोमियमच्या भस्माचे एक पातळ पटल येते. लोखंडाचा गंज सुटून पडतो, तसे हे पडत नाही. ते चिकटून बसते आणि आतल्या धातूला हवा लागू देत नाही. ती टिकते ती ह्या पटलामुळे. १९२० नंतरच्या दशकात स्वीडनच्या हान्स फॉन कांट्झोव्ह ह्याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम ह्यांची तार केली. तिच्यावर ॲल्युमिनाचे पटल येते, म्हणून ती १३०० अंशांच्याही वर जाते. हॅलस्टाहामार हे गाव आणि त्याचे स्वतःचे नाव ह्यांची सांगड घालून तिला कांथाल म्हणतात.

आता ह्या तारा भिंतीशेजारी राहतात, आणि पुन्हा संगतीचा प्रश्न आलाच! कांथालची तार लोहाचा अंश जास्त असलेल्या विटेवर टेकवली तर त्या जागी तिचे पटल बिघडते आणि ती तुटते. भट्टीत कर्बाचा वायू खेळवायचा असेल (दातेरी चाकांच्या अंगावर कर्ब चढवण्यासाठी तो लागतो) तर निक्रोमचे क्रोमियम आतल्या आत पोखरले जाते; तार हिरवट होते आणि हाताने मोडते. त्याच वायूने विटेतही गंमत होते. विटेच्या पोटात लोहाचा एखादा ठिपका असला तर साधारण पाचशे अंशांच्या जागी, म्हणजे भट्टीच्या ऐन तापलेल्या तोंडाशी नव्हे, तर भिंतीच्या आतल्या कोमट पट्ट्यात, त्या ठिपक्याभोवती काजळी साचत जाते आणि वीट आतून फुटते. आगीच्या तोंडाची वीट धड, आणि मागची भुगा!

आपल्या महाराष्ट्राचा ह्यात एक वाटा आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन खनिजे मिळतात. दोघांचे रासायनिक घटक अगदी तेच, ॲल्युमिना आणि सिलिका. पण कायनाइट १३०० अंशांच्या वर तापवले की त्याचे रूप पालटते आणि ते सुमारे सहाव्या हिश्शाने फुगते. कच्च्या कायनाइटची वीट करून भट्टीत लावली तर भिंत उसवलीच समजा. म्हणून ते आधी भाजून, फुगवून, दळून मग विटेत घालतात. सिलिमनाइटचे फुगणे किरकोळ. त्याचा दगड तसाच करवतीने कापून लावला तरी चालतो. एकाच जिल्ह्यातली, एकाच घटकांची ही दोन भावंडे, पण भट्टीत वागायची रीत वेगळी.

भिंत बांधणाऱ्यांचे काय झाले, ह्याचीही नोंद घ्यायला हवी. सिलिकेच्या विटांसाठी गारेचा खडक फोडणारे, दळणारे, विटा पाडणारे कामगार इंग्लंडात खोकून खोकून तरुणपणी मरत. त्या धुळीने फुप्फुस कठीण होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. १९१९ साली तेथे ह्या विटांच्या धंद्यातल्या कामगारांसाठी सिलिकोसिसच्या भरपाईची खास योजना लागू झाली. म्हणजे पोलाद स्वस्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर विटेच्या जागी एक नवी वस्तू आली: ॲल्युमिना आणि सिलिका वितळवून, फुंकून काढलेला कापसासारखा धागा. त्याची गादी भिंतीला ठोकली की भिंत पिसासारखी हलकी होते, स्वतः फारशी उष्णता पीत नाही, आणि सकाळी भट्टी लवकर तापते. रोज पेटणाऱ्या-विझणाऱ्या भट्टीला याहून सोयीचे काय? पण हा धागा बारीक तुटून श्वासाबरोबर आत जातो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या वस्तूंच्या यादीत घातले आहे. म्हणून चुना-मॅग्नेशियाच्या सिलिकेचा दुसरा एक धागा निघाला. तो फुप्फुसातल्या ओलाव्यात हळूहळू विरघळून जातो. मात्र रोजच्या वापरात तो ११०० अंशांच्या आसपासच भरवशाचा. कोयत्याच्या, छिन्नीच्या, कानशीच्या पोलादाला तेवढे पुष्कळ झाले. हायस्पीड पोलादाला साडेबाराशे हवेत, आणि तेथे विटेकडे किंवा त्या जुन्या धाग्याकडेच वळावे लागते. धागा वापरलाच तर दुरुस्तीच्या वेळी आत शिरणाऱ्या माणसाच्या नाकावर चांगला मास्क असावा लागतो.